आत्मारामची चंद्रावरची विहीर

तारापूरच्या राऊतांच्या वाडीत नारळी होत्या, केळी होत्या, पानवेलीचा मळा होता, आणि आत्माराम होता. वाडीला त्याचा उपयोग सगळ्यांत कमी, म्हणून उठता-बसता नाव मात्र त्याचंच निघायचं. थोरला भाऊ पंढरीनाथ वाडी बघे. आत्मारामकडे एकच काम दिलेलं. खुडलेली पानं टोपल्यांत रचायची, वर केळीच्या खोडाची ओली सोपटं घालायची आणि बैलगाडीतून बोईसर स्टेशनात पोचती करायची. पानं गाडीत चढली की त्यानं सरळ घरी यावं. पण तो स्टेशनातल्या बाकावर पुस्तक उघडून बसे आणि बैल बिचारे बाहेर ताटकळत. एकदा तर बैल कंटाळून रिकामी गाडी घेऊन आपले आपण घरी आले, आणि हा मागाहून उन्हातून चालत.

"कुटं होतास रे?" पंढरीनाथ ओरडला.

"पुस्तकात होतो," आत्माराम म्हणाला, जसा काही परगावी गेला होता.

घरात त्याची बाजू घेणारी एकच, वहिनी दमयंती. ती लग्न होऊन आली तेव्हा हा शाळकरी, आईवेगळा पोर. डोक्याला तेल घालण्यापासून तिनं त्याचं सगळं केलं. पुढं तो मॅट्रिकला नापास झाला तेव्हा भाऊ आठवडाभर बोलला नाही, पण दमयंतीनं त्याच्या पानात गूळपोळी वाढली आणि म्हणाली, "पास झाला असतात तरी हीच पोळी होती."

दमयंती देवधर्मातली. पहाटे आंघोळ, तुळशीला पाणी, पोथीचा अध्याय, आणि मग चूल. कादंबऱ्या म्हणजे रिकाम्या माणसांचा उद्योग, असं तिला माहेरी शिकवलेलं. पण दुपारी मागच्या पडवीत ती तांदूळ निवडायला बसली की आत्माराम खांबाला टेकून मोठ्यानं वाचू लागे, आणि कान काही बंद करता येत नाहीत. तो वाचे ते सगळं जगावेगळं. पाताळातली नगरं, बोलणारे हत्ती, मंगळावरून आलेली माणसं, आरशातून पलीकडं जाणाऱ्या बायका. पंढरीनाथ त्याला थापा म्हणे. दमयंतीला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या पोथीतही विमानं उडत होती, समुद्र पिणारे ऋषी होते, डोंगर उचलणारे देव होते. "भावजी, यांचं सगळं बरं हाय, फक्त ही माणसं जेवतात कदी ते लिवत नायत," एवढीच तिची तक्रार असे.

ऐकायला तिसरी जिवली असे. वाडीत कामाला येणारी. तिचा नवरा मंगळ्या विहिरी खणायचा. जिवली गवताचा भारा टाकून पडवीच्या पायरीवर टेकायची आणि गोष्टीत काही थांबलं की बोट नाचवून म्हणायची, "मंग? मंग काय झाला?"

पासष्ट सालच्या उन्हाळ्यात वाडीतली विहीर आटली. समुद्राजवळच्या विहिरीचं दुखणं निराळं. पाणी लागेना म्हणून खोल जावं तर खारं लागायची भीती. मंगळ्या खाली उतरला, पहार मारी, माती वर पाठवी, आणि दर थोड्या वेळानं चिमूटभर ओली माती जिभेवर ठेवून बघे. वरून सगळे विचारत, "खारं?" खालून उत्तर येई, "नाय अजून." आत्माराम विहिरीच्या काठावर पालथा पडून हे बघत राहिला. पानांच्या टोपल्या त्या दिवशी पंढरीनाथनंच नेल्या. भावाला शिव्या घालीत नेल्या, पण नेल्या.

त्या रात्रीच्या जेवणात आत्माराम म्हणाला, "वयनी, चंद्रावर विहीर खणायची झाली तर?"

"आदी जेवा."

"नाय, पण झाली तर?"

त्यातून त्याची कादंबरी सुरू झाली. पृथ्वीवरची माणसं चंद्रावर वस्ती करतात, पाणी पृथ्वीवरून जहाजांनी न्यावं लागतं, आणि एके दिवशी ती जहाजं येईनाशी होतात. मग विहीर खणायचं ठरतं आणि खणायला तारापूरचा मंगळ्या जातो. हे वाचलं तेव्हा जिवली पदर तोंडावर घेऊन हसता हसता लोळायची बाकी राहिली. "माज्या दादल्याला चांदावर धाडला! मंग तिकडंच ठेवा त्याला. दारू नाय ना तिकडं?"

दमयंती मात्र हसली नाही. चंद्राला ती चतुर्थीला अर्घ्य देणारी. "भावजी, चंद्र म्हणजे देव. देवाच्या छातीत पहार मारायची?"

आत्मारामनं वही खाली ठेवली. मग म्हणाला, "भूमीपण देवच नव्हं का वयनी? पाय लावतो तर आपण हात जोडतो. तिच्यात पण विहीर खणतोच ना?"

"मंग खणण्याआदी पूजा तरी करू द्या त्याला. नारळ फोडल्याबिगर आपल्याकडं कोणी कुदळ लावतो का?"

"चंद्रावर नारळ कुटला वयनी?"

"इतकी माणसं इकडून तिकडं नेलीत. एक नारळ न्यायला काय जड झाला?"

आत्मारामनं ते घेतलं. मंगळ्या बरोबर नारळ घेऊन जातो, तो फोडतो, आणि त्या वस्तीत एवढंसं नारळाचं पाणी सगळ्यांच्या तळहातांवर थेंब थेंब वाटलं जातं, असा एक अख्खा भाग त्यानं लिहिला. तो ऐकताना दमयंतीच्या हातातलं सूप थांबलं. डोळ्यांत पाणी आलं, तेही कुणाला दिसू नये म्हणून ती उठून आत गेली आणि काही कारण नसताना हळदीचा डबा पुसत बसली. हा भाग फार आवडला, असं तिनं त्याला सांगितलं का? नाही. सांगायची रीतच नव्हती. दिराचं कौतुक तोंडावर करायचं नसतं, पानात वाढायचं असतं. त्या रात्री पानात नारळाच्या वड्या होत्या.

कादंबरी अशा ठिकाणी येऊन थांबली की ऐकणारीनं जेवणसुद्धा विसरावं. मंगळ्या खोल खोल जातो. वरची माणसं चांदणीएवढी दिसू लागतात. तो पहार मारतो, थांबतो. आणि खालून, चंद्राच्या पोटातून, त्याला दुसऱ्या पहारेचा आवाज येतो. कोणीतरी खालून वर खणत येत आहे.

"कोण?" दमयंती म्हणाली.

"मंग?" जिवली म्हणाली.

"हा पयला भाग संपला," आत्माराम म्हणाला, आणि वही मिटली.

दोघींनी त्याला पुष्कळ छेडलं. तो काही बधला नाही. पालघरला लग्नपत्रिका आणि आरत्यांची पुस्तकं छापणारा एक ओळखीचा छापखानेवाला होता. त्यानं हौसेनं ती कादंबरी छापून दिली. निळ्या कव्हरावर 'चंद्रावरची विहीर' हे नाव, वाटोळा चंद्र आणि त्यावर रहाट. पहिली प्रत आत्मारामनं वहिनीच्या देवघरात ठेवली. दमयंतीनं तिला हळदकुंकू लावलं, आणि निळ्यावर ते कुंकू काही केल्या निघेना. पुढं म्हणून ती प्रत वाचनालयात द्यायची राहिली, दुसरी द्यावी लागली.

गावचं वाचनालय राममंदिराशेजारच्या खोलीत. कारभार अण्णांकडे, म्हणजे निवृत्त मास्तरांकडे. त्यांनी तिथं एक रीत पाडलेली. दसऱ्याला सरस्वतीपुढं वर्षातल्या नव्या कादंबऱ्या पाटांवर मांडायच्या. प्रत्येक सभासदानं आपल्या अंगणातलं एक फूल आणायचं आणि आवडलेल्या पुस्तकावर वाहायचं. चिठ्ठ्या नाहीत, हात वर करणं नाही. ज्यावर फुलं जास्त त्याला गावाचा मान. अण्णांच्या हातून श्रीफळ, उपरणं, आणि लेखक लांबचा असेल तर त्याला गावातर्फे पत्र. एकदा वाहिलेलं फूल उचलायचं नाही, कारण ते देवीला गेलं. आणि बायकांनी आधी वाहायचं, कारण त्यांना घरी जाऊन पुरणाचं बघायचं असतं.

त्या साली अणुऊर्जेच्या कामावरची बाहेरगावची माणसं वाचनालयात येऊ लागली होती. त्यांच्या आग्रहावरून ठरलं की या वेळचा मान अद्भुत आणि विज्ञानाच्या कादंबऱ्यांना. पाचसहा पुस्तकं होती, पण चर्चा दोहोंचीच. एक आत्मारामची, आणि दुसरी 'काचबेटाची राणी', पुण्याच्या कुण्या लेखकाची, जाडजूड आणि गुळगुळीत कागदाची.

आत्मारामनं वहिनीला तेव्हाच सांगितलं होतं. "वयनी, पुन्यामुंबईच्या लोकांचं मला काय नाय. आपल्या माणसांना आवडलं तर दुसरा भाग लिवीन. नाय आवडलं तर कागद कशाला काळे करायचे?"

"खाली कोण हाय ते तरी सांगा."

"मान मिळू द्या. मंग पयलं तुमालाच."

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी वाचनालयात चर्चा ठेवली. पुरुष पुढं चटईवर, बायका मागं भिंतीशी. आत्माराम दाराच्या चौकटीत अर्धा आत, अर्धा बाहेर. अण्णांनी बोलायला सांगितलं, आणि पहिला आवाज आला तो सुगंधाचा. नवरा चंद्रभान प्रकल्पावर फिटर, माणसं नाशिककडची. सुगंधा वाचायची भरपूर आणि बोलायची त्याहून भरपूर.

"मी स्पष्टच सांगते हं, अण्णा. चंद्रावर हवाच नाही. मग खालचा आवाज वर येईल कसा? आवाजाला हवा लागते, हे आमच्या यांना पण माहितीये."

"आमच्या यांना पण म्हंजे?" चंद्रभान पुढून म्हणाला, आणि खोली हसली.

"पण ताई," अण्णा म्हणाले, "काचबेटावर राणी काचेच्या घोड्यावर बसून समुद्र ओलांडते. काचेचा घोडा धावतो, तो चालतो?"

"ते अद्भुत आहे. त्यात कसंही चालतं. तुम्ही एकदा विज्ञान म्हणालात की मग हिशोबानं या. आणि दुसरं, राणी मला दिसते हो. रडते, भांडते, नवऱ्याला ठणकावते. या विहिरीत एक तरी बाई आहे का? सगळे बाप्येच चंद्रावर. मग तिथं भाकऱ्या कोण भाजतं?"

बायकांत खसखस पिकली. दमयंतीलाही हसू आलं. जेवणाचा मुद्दा तिचाच तर होता.

वाडीतली म्हातारी रत्नाबाई म्हणाली, "मला राणीचं काय कळलं नाय बाय. पन नारळाचं पानी वाटतात ना, तितं माज्या अंगावर काटा आला. आमच्याकडं खारं पानी लागलं त्या साली असंच वाटलेलं, वाटीवाटीनं."

आत्मारामनं मान खाली घातली. दमयंतीनं पदर सावरला. तो भाग तिचा. म्हणजे त्याचाच, पण नारळ तिचा. तिला वाटलं, सगळी खोली आपल्याकडं बघतेय.

"आवाजाचं म्हणाल," आत्माराम दारातून हळू बोलला, "तर ताई, मंगळ्या कान दगडाला लावतो. हवेतून नाय, दगडातून येतो आवाज. पानं नव्वदपासची, बगा."

सुगंधानं पान उलटलं, वाचलं, आणि एरवी कुणाला दाद न देणारी ती बाई म्हणाली, "हं. हे सुटलं माझ्याकडून." पण हार मानून गप्प बसली तर ती सुगंधा कसली? पुढच्याच दमात बायकांकडं वळून म्हणाली, "असो. राऊतांना काय, वाडी फुलांनी भरलेली! एकट्या घरची फुलं वाहिली तरी मान यांचाच. आपण नुसतं यायचं आणि जायचं."

ती हे हसत हसत म्हणाली. घडीभरात विसरलीही असेल. पण दमयंतीला ते शब्द घरापर्यंत चिकटले. राऊतांच्या दारात सोनचाफा होता. गावात तेवढा एकच. त्याचं फूल कुठंही पडलं तरी सगळ्यांना कळणार, हे राऊतांचं. उद्या मान मिळाला तर म्हणतील, घरच्यांनीच वाहिला. आणि त्यात नारळ तिचा. म्हणजे आपणच आपल्याला फूल वाहिल्यासारखं. पंढरीनाथला विचारावं म्हटलं, तर तो म्हणाला, "मी जातच नाय तिकडं. तू आणि तो काय करायचं ते करा."

दसऱ्याच्या सकाळी जिवली आली ती कुरडूचा तुरा धरून. रानातला, गुलाबी-पांढरा, देठासकट. "बाय, मी काय तुमच्या वाचनालयात नाय. हा माजा तुमी मंगळ्याच्या पुस्तकावर ठेवा."

दमयंतीनं तो तुरा ओटीत घेतला. हातात सोनचाफा. वाचनालयाच्या दारात उभं राहिल्यावर तिला नियम आठवला. एका सभासदाचं एकच फूल. जिवलीचं वाहावं की आपलं, एवढाच खरं तर प्रश्न होता. दोन्ही फुलं एकाच पुस्तकाची होती. पण रांगेत थोडी मागं सुगंधा उभी होती, तिच्यामागं प्रकल्पावरच्या बायका, आणि सगळ्यांच्या नजरा त्या पिवळ्या फुलावर. दमयंतीच्या मनात आलं, विहिरीला फुलं पुष्कळ पडतील. रत्नाबाई आहे, वाडीतल्या सगळ्या आहेत. आपण एकटीनं दुसरीकडं ठेवलं तर भावजींचा मान उलट स्वच्छ राहील. कुणाला बोलायला जागा नको.

आणि तिनं तो सोनचाफा 'काचबेटाची राणी'वर ठेवला. सरस्वतीला हात जोडले.

रत्नाबाई तिच्या मागंच होती. तिच्या हातात जास्वंद. तिनं राणीवरचं ते पिवळं फूल बघितलं, दमयंतीकडं बघितलं, आणि तिचा हात मधेच थांबला. घरच्या बाईनं, ज्या घरात ते पुस्तक लिहिलं गेलं त्या घरच्या बाईनं ठेवलं नाही, म्हणजे काहीतरी असणार. देवाधर्मातली बाई आहे. तिनं नाकारलं तर आपण कोण? जास्वंद राणीवर गेली. तिच्या मागची तिच्या मागं गेली. एकेक बाई येई, आधी सोनचाफा शोधी, मग आपलं फूल ठेवी. निळं पुस्तक फुलांवाचून उघडं राहिलं. दमयंती भिंतीशी उभी राहून बघत होती, आणि उचलून घ्यायची तर सोय नव्हती, कारण ते देवीला गेलं होतं.

गंमत म्हणजे सुगंधानं आपलं तगरीचं फूल विहिरीवर ठेवलं. "दगडातून आवाज येतो, हे मला आवडलं," ती मोठ्यानं म्हणाली. पण तोवर उशीर झालेला.

पुरुषांची पाळी आली तेव्हा आत्माराम सगळ्यांत शेवटी आत आला. त्यानंही फूल आणलेलं. पाटांवर एक नजर टाकली. राणीवरच्या ढिगात तळाशी, सगळ्यांच्या आधी वाहिलेलं, ते पिवळं दिसत होतं. तो ओणवा झाला, आणि आपलं फूल कुठल्याच पुस्तकावर न ठेवता सरस्वतीच्या पायाशी ठेवून बाहेर गेला.

मान राणीला गेला. संध्याकाळी आत्माराम घरी आला तो नेहमीसारखा. सोनं वाटलं. दमयंतीच्या हातात आपट्याची पानं देऊन वाकून नमस्कार केला. "वयनी, भूक लागलीय." तिनं पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार सोडली, पुन्हा सोडली. त्याला कळेल असं तिला वाटलं. त्यानं पोळी संपवली, हात धुतले, आणि झोपायला गेला. जिवलीचा तुरा तिच्या ओटीतच राहिला होता. तो तिनं तुळशीत ठेवला, आणि जिवलीनं विचारलं तेव्हा म्हणाली, "ठेवला बाय." खोटं बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून नंतर पोथीचा अध्याय दोनदा वाचला.

मग पडवीतलं वाचन थांबलं. एकदम नाही. आत्माराम दुसऱ्यांची पुस्तकं आणखी काही दिवस वाचत राहिला, मग काही ना काही काम निघू लागलं. दमयंती रोज तांदूळ घेऊन बसे आणि ठरवी, आज बोलते. भावजी, मी ते फूल का ठेवलं ते सांगते. पण दिरापुढं असा विषय काढायचा कसा? त्यानं काढला तर ती बोलेल. आणि तो काढीना. घरात कुणाचं कुणाशी बिनसलं नव्हतं. भांडण असतं तर बरं, निदान भांडून मिटलं असतं.

पुढच्या वर्षी चंद्रभाननं त्याला प्रकल्पाच्या भांडारात चिकटवून दिलं. पंढरीनाथला तर आभाळ ठेंगणं झालं. आत्माराम सकाळी सायकलनं जाई, संध्याकाळी येई. लग्न झालं. मुलगी पालघरजवळच्या माहीमची, शालू नाव, हसरी. पुढं वसाहतीत खोल्या मिळाल्या तशी दोघं तिकडं राहायला गेली. वाडीत सणावारी येत. "आता काय लिवता भावजी?" असं दमयंती एकदा चुलीकडं तोंड करून म्हणाली. "सामान आलं-गेलं लिवतो," तो म्हणाला, आणि शालू हसली, म्हणून तीही हसली.

एकोणसत्तरच्या आषाढात बातमी आली की माणूस चंद्रावर उतरला. राममंदिरात अण्णांनी रेडिओ आणून ठेवला, आणि सगळा गाव भर पावसात छत्र्या मिटवून खाली बसला. बातम्या संपल्यावर रत्नाबाईच म्हणाली, "आपल्या आत्मारामनं आदीच लिवलेलं की." मग सगळ्यांना आठवलं. अण्णांनी कपाटातून ती निळी प्रत काढली. धूळ झटकली. कोणी म्हणालं, तेव्हा आपण चुकलो. कोणी म्हणालं, आता मान देऊ. सुगंधा म्हणाली, "मी तेव्हाच फूल ठेवलं होतं, लक्षात असू द्या!" येत्या रविवारी आत्मारामला बोलवायचं ठरलं. बोलवायला जाणार कोण, तर दमयंती.

वसाहतीतल्या खोलीत शालूनं चहा टाकला. आत्माराम कामावरून नुकताच आला होता. दमयंतीनं निरोप सांगितला. तो म्हणाला, "नको वयनी. त्याला आता काय अर्थ?"

आणि मग, चहाचा पेला हातात घेऊन, इतकी वर्षं जे निघालं नव्हतं ते तिच्या तोंडून निघालं. चाफ्याचं, सुगंधाच्या बोलण्याचं, लोक काय म्हणतील याचं. नारळाच्या भागाला आपण हळदीचा डबा पुसत रडलो होतो, याचं. जिवलीच्या तुऱ्याचं सुद्धा. बोलता बोलता तिचा चहा गार झाला.

आत्माराम तिच्याकडं बघतच राहिला.

"म्हंजे तुमाला आवडलं होतं?"

"भावजी, मला त्यातलं सगळं अजून तोंडपाट हाय."

"मला वाटलं," तो हळू म्हणाला, "चंद्राला पहार लावली म्हणून तुमी मनातून नाराज होतात. तोंडावर बोलत नाय, पण देवीपुढं मात्र खरं ते केलंत. मंग म्हटलं, जे वयनीच्या देवाला चालत नाय ते आपल्याला लिवायचंच नाय."

शालू हातात पातेलं धरून दारात उभी.

"म्हंजे मान गेला म्हणून नाय सोडलंत?"

"मानाचं काय वयनी? राणीचं पुस्तक मला पण आवडलेलं."

दमयंतीनं पदर डोळ्यांना लावला. शालूला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती भाबडेपणानं म्हणाली, "वयनी, काय होतं त्या पुस्तकात? हे मला कदी सांगतच नायत."

तेव्हा दमयंतीनं सांगायला घेतलं. वस्ती, न येणारी जहाजं, मंगळ्या, तळहातावरचे थेंब, खोल जाणं. आत्माराम भिंतीला टेकून ऐकत होता. कुठं तो मान हलवी, कुठं कपाळाला आठी पाडी, जसं दुसऱ्याचं काहीतरी पहिल्यांदाच ऐकावं. "असं लिवलेलं होय मी?" असं मधेच एकदा म्हणालाही. ती दुसऱ्या पहारेच्या आवाजापाशी आली आणि थांबली.

"आणि मंग?" शालूनं विचारलं.

"मंग काय ते यांना माहीत," दमयंती म्हणाली. "सांगा भावजी. आता तरी सांगा. खाली कोण होतं?"

आत्मारामनं डोळे मिटले. ओठ एकदा हलले. मग त्यानं डोळे उघडले आणि मान हलवली.

"तवा ठाऊक होतं," तो म्हणाला. "सगळं ठरलेलं होतं, शेवटापर्यंत. आता आठवत नाय."

"आठवून बगा ना."

"बगतो ना वयनी. बगतोच हाय."

पाऊस वाढला तशी तो छत्री घेऊन तिला बसपर्यंत सोडायला निघाला. रविवारी यायला तो शेवटी हो म्हणाला. अण्णांचं मन मोडायला नको म्हणून. वाटेत पंढरीनाथच्या गुडघ्यांचं, मळ्यावरच्या रोगाचं बोलणं झालं. बस आली. दमयंती पायरीवर चढली, तेव्हा तो खालून म्हणाला, रागानं नाही, नुसतं सांगावं तसं,

"दसऱ्यानंतर एकदा इचारलं असतंत ना वयनी, खाली कोण हाय म्हणून, तर सांगितलं असतं. पुष्कळ दिवस वाट बगत होतो."

कंडक्टरनं घंटी मारली. दमयंती खिडकीशी बसली आणि मागं वळून बघायचं म्हणून काच पुसू लागली. पाणी बाहेरून होतं. ती आतून पुसत राहिली.